गलोलीची गाठ का सुटते?

दोन वर्षांपूर्वी बारावीचा एक विद्यार्थी प्रात्यक्षिकाला आला तो डाव्या हाताचा अंगठा सुजवून. चौकशी केली तेव्हा म्हणाला, “सर, गुलेरची वादी सुटली.”

“कुठून सुटली? लाकडापासून की चामड्यापासून?”

“चामड्यापासून.”

“मग थोडक्यात निभावले,” मी म्हणालो. त्याला वाटले, सर थट्टा करताहेत. पण वादी चामड्याकडून सुटली तर ती पुढे, म्हणजे दुबेळके धरलेल्या मुठीवर आदळते. लाकडाकडून सुटली तर ती मागे येते, आणि मागे आपला डोळा असतो.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, गलोल (कोणी गुलेर म्हणते, कोणी बेचकी) न केलेला मुलगा विरळाच. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या, बुटाची जीभ कापून केलेले चामडे आणि बोरीचे किंवा पेरूचे दुबेळके. एवढ्यावर काम भागते. सर्वांचे दुबेळके उत्तम असते, नेमही बरा असतो; चुकते ती गाठ.

गलोल हा शब्द रबरापेक्षा जुना आहे. पूर्वीची गलोल म्हणजे एक प्रकारचे धनुष्यच असे. दोरीच्या मध्यावर मातीची गोळी ठेवण्यापुरती पट्टी असायची. तिथे ऊर्जा साठायची ती वाकलेल्या बांबूत. दोरी जवळजवळ ताणली जात नसे. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत सापडली, त्यानंतर दोरीची जागा रबराला घेता आली आणि बांबूची गरज उरली नाही. पण दोरीला जी गाठ चालत होती ती रबराला चालेना. याचे कारण पाहू या.

ट्यूबची २ सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापा. तिच्यावर ५ सेंटिमीटर अंतरावर पेनाने दोन रेघा मारा. आता रेघांमधले अंतर २० सेंटिमीटर होईपर्यंत पट्टी ताणा आणि मित्राला मधली रुंदी मोजायला सांगा. ती सुमारे १ सेंटिमीटर भरेल. जाडीही निम्मी झालेली असते. रबर ताणले तरी त्याचे घनफळ जवळजवळ बदलत नाही. लांबी चौपट झाली की आडवा छेद चौथाई व्हायलाच हवा. (ताणलेली पट्टी झटकन ओठाला लावून पहा, कोमट लागेल. ही गोष्ट इंग्लंडमधील जॉन गॉफ या अंध शास्त्रज्ञाने १८०५ मध्ये नोंदवली होती.)

आता गाठीकडे या. ढिली पट्टी चामड्याच्या भोकातून ओवून परत दुमडली आणि सुती दोऱ्याने घट्ट करकचून बांधली, तर गाठ हाताला दगडासारखी लागते. पण गलोल ताणताच दोऱ्याच्या कड्यातली पट्टी बारीक होते आणि कडे मात्र तेवढेच राहते. दाब कमी झाला की घर्षण कमी झाले, आणि घर्षण गेले की गाठीत उरले काय? शिवाय बारीक दोरा रबरात रुततो. तिथे पडलेला चरा प्रत्येक ओढीबरोबर वाढत जातो.

म्हणून दोन गोष्टी करायच्या. पहिली, पट्टी ताणलेल्या अवस्थेत बांधायची. एकाने चामडे धरावे, दुसऱ्याने पट्टीचे दोन्ही पदर एकत्र ओढून धरावेत आणि तिसऱ्याने बांधावे. सोडल्यावर पट्टी कड्यात फुगू पाहते आणि आवळून बसते. पुन्हा तेवढीच ताणली तरी पकड बांधतानाच्या पकडीपेक्षा सैल होत नाही. दुसरी, बांधण्यासाठी दोरा न घेता ट्यूबचीच अर्धा सेंटिमीटर रुंदीची लांब फीत घ्यायची आणि ती ताणून ताणून पाच-सहा वेढे द्यायचे. आतली पट्टी बारीक झाली की ताणलेली फीतही आकसते, म्हणजे दाब सुटत नाही. शेवटचे टोक अखेरच्या दोन वेढ्यांखालून काढून ओढले की झाले.

आता एक गंमत. दोन्ही वाद्या मिळून ३ किलो वजनाइतका जोर लावतात असे धरू. एका वादीवर दीड किलो आला. हा सगळा भार गाठीवर येतो काय? नाही. भोकातून दुमडलेल्या वादीचे दोन पदर झाले, कप्पीवरच्या दोरीचे होतात तसे. घर्षण नसते तरी मोकळ्या पदरावर निम्माच, म्हणजे पाऊण किलो भार आला असता. प्रत्यक्षात भोकाच्या कडेशी घर्षण असते. नांगराचा दोर खुंट्याला एक वेढा देऊन धरला तर बैलाची ओढही एका हाताने आवरते, ती याच घर्षणामुळे. घर्षण गुणांक ०.५ धरला तर अर्ध्या वेढ्यानंतर ओढ सुमारे पाचव्या हिश्श्यावर येते. हिशोब केला तर मोकळ्या पदरावर जेमतेम २६० ग्रॅम भार उरतो. एवढ्याशा भाराला गाठ सुटावी याचे मला पूर्वी नवल वाटे. पण कडेच सैल झाले तर २६० ग्रॅमही पुरेसे होतात.

मोकळ्या पदराचे टोक कड्याबाहेर एक सेंटिमीटर तरी राहू द्यावे. मुले ते दिसायला बरे म्हणून कापून टाकतात. या टोकावर ताण नसतो, त्यामुळे ते जाडच राहते आणि बाटलीच्या बुचासारखे अडकते.

पडताळा घ्यायचा तर एक पट्टी ढिली असताना दोऱ्याने बांधा, दुसरी ताणून फितीने. प्रत्येकीला रिकामी बादली जमिनीपासून वीतभर वर टांगा आणि तांब्या-तांब्याने पाणी ओता. वाकून पाहू नका आणि चष्मा लावा. कोणत्या गाठीने किती लिटर पेलले ते वहीत लिहा. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. पट्टी खाली जाईल तशी बादली उचलून टांगावी लागेल.

ही खबरदारी कशासाठी? ३ किलोचा जोर ३० सेंटिमीटर ओढीअखेर लागत असेल तर साठलेली ऊर्जा साधारण साडेचार जूल होते. ती सगळी १० ग्रॅमच्या खड्याला मिळाली तर त्याचा वेग ताशी १०८ किलोमीटर होईल. प्रत्यक्षात काही ऊर्जा वाद्यांच्या हालचालीत आणि उष्णतेत जाते, पण निम्मी मिळाली तरी ७६ किलोमीटर होतोच. सुटलेल्या वादीजवळ तर ऊर्जा देण्यासाठी खडाही नसतो. (नेम डब्यावर धरावा, पाखरावर नाही, हे सांगायला नकोच.)

चामड्याची भोके मोच्याकडून पंचने गोल पाडून घ्यावीत. ब्लेडने चीर दिली तर चामडे चिरेच्या टोकापासून फाटत जाते. ट्यूबबद्दलही एक सांगायचे राहिले. हल्लीच्या बऱ्याच ट्यूब ब्यूटिल रबराच्या असतात. ते हवा छान धरते, पण ताणून सोडल्यावर सुस्तपणे परत येते. नैसर्गिक रबराची ट्यूब मिळाली तर ती घ्यावी.

मलकापूर-खामगावकडच्या उन्हाळ्यात गलोल पत्र्यावर टाकून ठेवली तर महिनाभरात तिला भेगा दिसू लागतात. ऊन आणि हवेतला ओझोन ताणलेल्या रबराला आधी खातात, आणि गाठीपाशी रबर कायम ताणलेले असते. म्हणून खेळण्यापूर्वी गाठीजवळची वादी बोटांनी वाकवून उजेडात पहावी. बारीक आडव्या रेषा दिसल्या तर तेवढा तुकडा कापून नव्याने बांधावे, आणि दुसरी वादीही तेवढीच कापावी. नाहीतर एक बाजू जास्त ओढते आणि खडा वाकडा जातो. दुबेळक्याकडची गाठही याच रीतीने बांधायची. तीच आधी तपासावी.