यंत्राच्या पोटातले फासे

१९९१ साली दक्षिणेतील एका जिल्ह्यात मी अपर जिल्हाधिकारी होतो. ‘व्हिडिओ गेम पार्लर’ नावाचा प्रकार तेव्हा तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला होता आणि त्यांच्या परवान्यांच्या फायली माझ्या टेबलावरून जात. अर्जात रकाने भरपूर होते. खोलीचे क्षेत्रफळ, पंख्यांची संख्या, आग विझवण्याची सोय, शाळेपासूनचे अंतर, पोलिसांचा ना हरकत दाखला. सगळे रकाने भरलेले असत आणि मी सह्या करीत असे.

एके दिवशी आमच्याच कार्यालयातील एका शिपायाची पत्नी भेटीस आली. पगार झाल्यावर तीन-चार दिवसांत हातात काही उरत नाही, ही तिची तक्रार. नवऱ्याला बोलवा, दम द्या, एवढेच ती मागेल अशी माझी अपेक्षा होती. तिने मात्र वेगळाच प्रश्न विचारला. त्या यंत्रात शंभर रुपये घातले तर ते परत किती देते? परवाना साहेबांनी दिला आहे, म्हणजे साहेबांना ठाऊक असणारच, असा तिचा साधा तर्क होता.

मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी पोलीस आणि गावातला एक रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर यांना घेऊन मी त्या पार्लरमध्ये गेलो. पत्त्यांच्या खेळाचे यंत्र मागून उघडले, तेव्हा आतल्या पट्टीवर इवल्याशा खटक्यांची एक रांग दिसली. मालक निर्विकारपणे म्हणाला, ती ‘टक्केवारी’ आहे. खटके वरखाली केले की यंत्र कमी-जास्त परत देते. त्याने माझ्यापासून काहीही लपवले नव्हते. अर्जात तसा रकानाच नव्हता.

हा प्रसंग आज आठवण्याचे कारण म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा. पैसे लावून खेळला जाणारा कोणताही ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, या कायद्याने बंद केला. विधेयक दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून गेले आणि तिसऱ्या दिवशी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. एवढ्या घाईबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही, पण तो विषय वेगळा. मला बोलायचे आहे ते या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेल्या यंत्राबद्दल. गोव्यात आणि सिक्कीममध्ये, राज्य सरकारच्या परवान्याने आजही चालणारे कॅसिनोतील स्लॉट मशीन हे त्या मोबाइलमधील खेळांचे थोरले भावंड आहे. धाकट्याने सारी विद्या त्याच्याकडूनच उचलली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे नावाच्या कारागिराने ‘लिबर्टी बेल’ हे यंत्र बनवले. तीन चाके, त्यांवर नाल, घंटा, पत्त्यांची चिन्हे. नाणे टाकायचे, दांडा ओढायचा. तीन घंटा एका ओळीत आल्या की सर्वांत मोठे बक्षीस, पन्नास सेंट. या यंत्रात फसवणुकीला जागा होती, पण रहस्य नव्हते. कोणीही चाकावरची चिन्हे मोजून हिशेब मांडू शकत होता. पुढे चाकांवर वीस-बावीस थांबे आले. बावीस थांब्यांची तीन चाके म्हणजे १०,६४८ शक्यता. त्यांतल्या एकीवरच मोठे बक्षीस ठेवले, तरी त्या बक्षिसाला मर्यादा पडते. बक्षीस वाढवायचे तर चाक मोठे करायला हवे, आणि चाक मोठे दिसले की खेळणारा सावध होतो.

ही कोंडी इंगे टेल्नेस यांनी फोडली. त्यांना १९८४ साली मिळालेल्या अमेरिकी पेटंटची कल्पना विलक्षण सोपी आहे. डोळ्यांसमोर फिरते ते चाक बावीस थांब्यांचेच ठेवायचे. खरा निकाल मात्र संगणकाच्या स्मृतीतील एका अदृश्य चाकावर लावायचा. ते चाक ६४ थांब्यांचे असले तर शक्यता होतात २,६२,१४४. अदृश्य चाकावरचा प्रत्येक आकडा दृश्य चाकावरील एखाद्या थांब्याशी जोडलेला असतो. मोठ्या बक्षिसाच्या चिन्हाला एकच आकडा द्यायचा आणि त्याच्या लगतच्या रिकाम्या जागांना पाच-सहा, एवढीच युक्ती. मग बक्षिसाचे चिन्ह पुनःपुन्हा ओळीच्या किंचित वर किंवा किंचित खाली येऊन थांबते. ‘थोडक्यात हुकले’ असे खेळणाऱ्याला वाटते, ते याच कारणाने. प्रत्यक्ष आहेत त्याहून जिंकण्याच्या शक्यता अधिक भासतील असे यंत्र हवे, हा हेतू त्या पेटंटच्या मजकुरातच नमूद आहे. सरकारी दस्तऐवजात इतका प्रांजळपणा मला क्वचितच आढळला.

यंत्रातील यादृच्छिक आकडे निर्माण करणारी आज्ञावली कोणी खेळत नसतानाही अखंड चालू असते. बटण दाबले त्या क्षणी जो आकडा हाती लागला, तोच निकाल. त्यानंतर चाकांचे फिरणे, एकामागून एक थांबणे, तिसऱ्या चाकाचे रेंगाळणे हे सारे नाटक निकाल लागून गेल्यावरचे. ‘आता बराच वेळ लागलेले नाही, म्हणजे लागायची वेळ आली’ हा हिशेब म्हणूनच निराधार आहे. यंत्राला मागचे काही आठवत नाही.

परताव्याच्या टक्क्याचेही तसेच. समजा, एखादे यंत्र ९२ टक्के परत देते. हजार रुपये घेऊन बसलेला मनुष्य मानतो की फार तर ऐंशी रुपये जातील. पण तो टक्का खिशातील रकमेवर नसतो, लावलेल्या प्रत्येक डावावर असतो. दहा रुपयांचा डाव, मिनिटाला दहा वेळा बटण, म्हणजे तासाला सहा हजार रुपयांचे डाव. त्याचे आठ टक्के ४८० रुपये. सरासरीने पाहता हजाराची रक्कम दोन तासांत विरघळते, आणि मध्ये लहानसहान जिंकण्याच्या घंटा इतक्या वाजतात की हरलो कधी ते कळतही नाही. वीस रुपये लावून आठ मिळाले तरी यंत्र दिवे लावून जल्लोष करते. बारा रुपये गेले हे सांगणारी घंटा अद्याप कोणी बसवलेली नाही.

आता वरकड बक्षिसांकडे येऊ, कारण खरी बुद्धिमत्ता तिथे खर्च झाली आहे. १९८६ साली नेवाडा राज्यात ‘मेगाबक्स’ सुरू झाले. अनेक कॅसिनोंतील यंत्रे तारांनी जोडायची, प्रत्येक डावातला लहानसा हिस्सा एका सामाईक राशीत टाकायचा आणि ती फुगत जाणारी रक्कम दिव्यांच्या अक्षरांत झळकवत ठेवायची. राशी वाढते ती मालकाच्या खिशातून नव्हे; रोज हरणाऱ्या हजारोंच्या परताव्यातून कापून ती एकाला दिली जाते. त्याहून चतुर प्रकार म्हणजे गूढ जॅकपॉट. यात मध्यवर्ती संगणक, समजा, पन्नास हजार ते एक लाख यांच्या दरम्यानचा एखादा आकडा गुपचूप निवडून ठेवतो. राशी वाढत वाढत ज्याच्या डावाने तो आकडा ओलांडते, त्याला ती मिळते. चाकांवर काय आले याच्याशी संबंधच नाही. सर्वांना वरची मर्यादा दिसत असते, म्हणून राशी पंच्याण्णव हजारांवर पोहोचली की उठायला निघालेला माणूस पुन्हा बसतो.

तिसरी गोष्ट खेळाडूच्या नावाचे कार्ड. यंत्रात ते सरकवले की प्रत्येक डाव, त्याचा वेग, बसलेला वेळ यांची नोंद होते आणि त्यानुसार मोफत जेवण, खोली, थोडे ‘बोनस’ डाव मिळतात. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ नताशा डाऊ शूल यांनी लास व्हेगसमध्ये अनेक वर्षे खेळाडूंशी आणि यंत्रे बनवणाऱ्यांशी बोलून २०१२ साली जे पुस्तक लिहिले, त्यात एक निरीक्षण अस्वस्थ करणारे आहे. व्यसन जडलेले अनेक जण जिंकण्यासाठी खेळतच नाहीत. वेळ, पैसा, स्वतःचे भान हरपण्याची जी अवस्था यंत्रासमोर लाभते, ती टिकावी म्हणून ते खेळतात. मोठे बक्षीस लागले तर त्यात खंड पडतो, म्हणून काहींना ते नकोसेही वाटते. तो शिपाई मला त्या वाचनात पुन्हा भेटला. आपण जिंकू असे तो कधीच म्हणाला नव्हता. तिथे डोके शांत राहते, एवढेच तो सांगत होता आणि मी ते थाप समजलो होतो.

आपल्या कायद्याने या यंत्राकडे कसे पाहिले? १८६७च्या इंग्रजी अमदानीतील जुगार कायद्याला चिंता होती जुगाराच्या अड्ड्याची आणि तिथे जमणाऱ्या लोकांची. सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत काही सदस्यांनी राज्यघटनेत जुगाराचा उल्लेखही नको, असा आग्रह धरला. डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिले की नोंद काढून टाकली तर जुगार थांबणार नाही, फक्त त्यावर कोणाचेच नियंत्रण राहणार नाही. नोंद ठेवण्यात बंदी घालण्याचा अधिकारही येतो. अशा रीतीने ‘पैज आणि जुगार’ हा विषय राज्यांच्या सूचीत चौतिसावा झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली चमारबागवाला खटल्यात जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे असे ठरवले, १९६८ साली रमीला कौशल्याचा खेळ मानले, आणि पुढली पन्नास वर्षे वकिलांनी कौशल्य की नशीब या एकाच प्रश्नावर उपजीविका केली. १९९५ च्या शिवानी खटल्यात, कर्नाटक-तमिळनाडूतील व्हिडिओ गेमच्या परवान्यांचा विषय असताना, यंत्रातच फेरफार केला तर खेळाडूच्या कौशल्याला अर्थ उरत नाही, हे न्यायालयाने ओळखले होते. तो धागा पुढे कोणी फारसा ओढला नाही.

गोव्याचा इतिहास तर गमतीचा आहे. तेथील १९७६ च्या कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला मुभा मिळाली. १९९६ साली जहाजांवर टेबलावरच्या खेळांना. परिणामी जमिनीवर माणसाच्या हाताने पत्ते वाटणे निषिद्ध आणि तोच खेळ यंत्राने खेळवणे कायदेशीर. वाटणाऱ्याचा हात निदान दिसतो. गेमिंग कमिशनर या पदाची तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने झाली आणि २०२० साली ती जबाबदारी सोपवली गेली ती व्यापारी कर आयुक्तांकडे. यात मी त्या अधिकाऱ्यांना दोष देत नाही. पण शासनाला यंत्राकडून काय हवे आहे, हे या एका नेमणुकीत स्पष्ट वाचता येते. जीएसटी आधी २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्द केला. हेही एक धोरणच म्हणायचे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला इथे कौटिल्य आठवतो. अर्थशास्त्रातील द्यूताध्यक्ष जुगार एकाच ठिकाणी चालवतो, इतरत्र खेळणाऱ्याला बारा पण दंड करतो, जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच घेतो. इथपर्यंत तो आजच्या कर आयुक्तांचा पूर्वज शोभतो. मात्र फासे आणि कवड्या तोच पुरवतो, त्यांचे भाडे घेतो आणि ते बदलणाऱ्याला शिक्षा करतो. फासा खरा आहे की नाही, हे पाहणे राजाचे काम आहे, असे त्या कठोर ग्रंथाने गृहीत धरले होते. मुंबईच्या मटक्यातही रुपयाला एका आकड्यावर नऊ मिळतात आणि आकडे दहाच असतात, हे गिरणीतल्या कामगाराला तोंडपाठ होते. बेकायदा धंद्याचा भाव जगजाहीर आणि परवानाधारक यंत्राचा गुप्त, ही तऱ्हा मला आजही उलगडत नाही.

बंदी की परवाना, या वादाच्या अलीकडे काही साध्या गोष्टी शक्य आहेत. नेवाडात यंत्राचा परतावा ७५ टक्क्यांखाली ठेवता येत नाही आणि आज्ञावली तपासल्याखेरीज यंत्र चालू होत नाही. ब्रिटनने सट्ट्याच्या दुकानांतील यंत्रांवरचा एका डावाचा कमाल आकडा एप्रिल २०१९ मध्ये शंभर पौंडांवरून थेट दोनवर आणला. परतावा किती, मोठ्या बक्षिसाची शक्यता किती लाखांत एक, हे यंत्राच्या दर्शनी भागावर मराठी, कोंकणी, नेपाळी, हिंदीत छापायला किती खर्च येईल?

गेल्या हिवाळ्यात पत्नीसह गोव्यात गेलो असता एका हॉटेलच्या कॅसिनोत डोकावलो. एका यंत्राशी उभा राहून तिथल्या गणवेशातल्या तरुणाला विचारले, हे शंभराला किती परत देते? तो नम्रपणे हसला आणि वरिष्ठांना घेऊन आला. वरिष्ठ त्याहून नम्र होते. त्यांनी माझे नाव, वय, उतरण्याचे ठिकाण विचारून घेतले, एक कार्ड करून दिले आणि त्यासोबत रात्रीच्या जेवणाचे मोफत कूपन माझ्या हाती ठेवले.