‘सापडलं नाही’ म्हणजे ‘नाही’ का? : कोडमधली शोधाशोध आणि अनुपलब्धी

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याचा प्रोग्रॅमच्या कोडशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे. प्रोग्रॅमरच्या कामात लिहिणं थोडं आणि वाचणं फार. तेही बहुधा दुसऱ्याने लिहिलेलं. वाचताना तो सारखा विचारत असतो : हे नाव कशाचं? ते कुठे कुठे वापरलंय? आणि कुठेच सापडलं नाही, तर ते नाहीच असं म्हणता येईल का? यातला शेवटचा प्रश्न आमच्या दर्शनांमधला फार जुना प्रश्न आहे. आज त्यावरच बोलायचं आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. कोड कादंबरीसारखा पहिल्या पानापासून वाचता येत नाही. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्यात अडीच कोटींहून जास्त ओळी आहेत. त्या ओळीने कोण वाचणार? एका ठिकाणी एका फंक्शनचं नाव दिसतं, त्याची व्याख्या दुसऱ्याच फाइलमध्ये असते, तिथे आणखी तीन नावं भेटतात. म्हणजे कोड वाचणं हे उड्या मारत वाचणं आहे. एडिटरचं काम ही उडी सोपी करणं.

सगळ्यात साधं साधन म्हणजे ग्रेप. केन थॉम्पसन यांनी ते १९७० च्या दशकात युनिक्ससाठी लिहिलं. अक्षरं द्या, ती ज्या ज्या ओळीत असतील त्या ओळी ते दाखवतं. अर्थाशी त्याला देणंघेणं नाही. ‘रीड’ हे नाव शोधलंत, तर त्याची इंग्रजी अक्षरं ‘थ्रेड’च्या पोटातही आहेत आणि ‘ऑलरेडी’च्याही, तेही समोर येतं. ‘पूर्ण शब्दच हवा’ असं बजावलंत, तरी टिप्पणीतला ‘रीड’ येतोच. नको ते पदरात पडणं याला न्यायशास्त्रात अतिव्याप्ती म्हणतात.

दुसरं साधन सीटॅग्ज. केन अरनॉल्ड यांनी ते बर्कलीच्या युनिक्ससाठी लिहिलं. हे सगळा कोड एकदा चाळून एक सूची बनवतं. सूचीत प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी : कोणती फाइल, आणि त्या फाइलमध्ये व्याख्येची ओळ कशी लिहिली आहे. आता बघा, ओळीचा क्रमांक न देता बहुतेक वेळा ओळीचा मजकूर का देतात? कारण वर कुणी दहा ओळी घातल्या की क्रमांक चुकतो, मजकूर मात्र तोच राहतो. ‘गल्लीतलं सातवं घर’ यापेक्षा ‘दारात पारिजातक असलेलं घर’ हा पत्ता जास्त टिकतो, तसंच हे.

व्हिम या एडिटरमध्ये नावावर कर्सर ठेवून कंट्रोलबरोबर उजवा चौकटी कंस दाबला की ही सूची वापरून तुम्ही थेट व्याख्येवर जाता. कंट्रोल आणि टी दाबलं की आलात तिथे परत. परत येण्याची ही सोय किरकोळ समजू नका. पाच उड्या मारल्यावर आपण मुळात काय शोधायला निघालो होतो हेच माणूस विसरतो. व्हिम अशा शंभरपर्यंत जागा लक्षात ठेवतं. कंट्रोल आणि ओ दाबत एकेक पायरी मागे येता येतं. ईमॅक्समध्ये हेच काम मेटा-टिंब आणि मेटा-स्वल्पविराम करतात.

तिसरं साधन लँग्वेज सर्व्हर. एडिटरने त्याच्याशी कसं बोलायचं याचे नियम मायक्रोसॉफ्टने २०१६ साली जाहीर केले. हा सर्व्हर कोड अक्षरांनी न बघता व्याकरणाने बघतो. या फंक्शनमधला ‘रीड’ वेगळा आणि त्या फंक्शनमधला वेगळा, हे त्याला कळतं. त्यामुळे ‘हे नाव कुठे कुठे वापरलंय?’ असं विचारलं की नेमकी यादी मिळते. अतिव्याप्ती जवळजवळ संपली.

मग सगळं झालं का? नाही. खरी गोम इथेच आहे.

समजा, एक जुनं फंक्शन काढून टाकायचं आहे. सर्व्हरला विचारलं, हे कुठे वापरलंय? उत्तर आलं, शून्य ठिकाणी. काढून टाकायचं का? कर्नलमधला पुष्कळ कोड अटींमध्ये गुंडाळलेला असतो : अमुक प्रोसेसर असेल तरच हा भाग घ्या. तुमच्या संगणकावर इंटेलच्या प्रोसेसरसाठी मांडणी केली असेल, तर सीसाठी वापरला जाणारा क्लँगडी हा सर्व्हर तेवढीच बाजू बघतो. एआरएमसाठीचा भाग त्याच्या लेखी बंद आहे. त्या भागात फंक्शन वापरलेलं असेल, तर तुमच्याकडे सगळं सुरळीत चालेल आणि दुसऱ्या कुणाकडे कर्नल बांधलाच जाणार नाही. हवं ते हातून निसटणं, ही अव्याप्ती. आणि ती अतिव्याप्तीपेक्षा घातक, कारण जास्तीचं आलेलं डोळ्यांना दिसतं, निसटलेलं दिसत नाही.

दुसरं उदाहरण. फाइल वाचण्याची विनंती कर्नलमध्ये ‘सिस-रीड’ या नावाने ओळखली जाते. या नावाने ग्रेप केलंत तर घोषणा सापडेल, पण व्याख्या सापडणार नाही. कारण तिथे नुसतं ‘रीड’ लिहून ते एका मॅक्रोच्या हाती दिलंय. पुढचं ‘सिस’ तो मॅक्रो कोड बांधताना जोडतो. म्हणजे व्याख्या आहे, पण त्या नावाने ती लिहिलेलीच नाही! कर्नलच्या लोकांना हे ठाऊक आहे. म्हणून कर्नलची टॅग-सूची बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक खास नियमच घातलाय : असा मॅक्रो दिसला की ‘सिस’ जोडून नाव नोंदवा. साधनाला आधी बघायला शिकवलं, मग त्याला दिसलं.

आता आमच्या शास्त्राकडे या. ‘टेबलावर घडा नाही’ हे मला कशाने कळतं? भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती म्हणतात, अनुपलब्धीने. न दिसणं हेच इथे प्रमाण. नैयायिक ते स्वतंत्र प्रमाण मानत नाहीत. पण एक अट दोघांनाही मान्य आहे. न दिसणं ‘योग्य’ हवं. म्हणजे, घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड असेल, डोळे उघडे असतील, तर ‘दिसत नाही म्हणून नाही’ हे बरोबर. अंधारात मात्र घडा दिसला नाही, एवढ्यावरून घडा नाही असं म्हणता येत नाही.

एडिटरमधलं ‘शून्य ठिकाणी’ हे उत्तर असंच तपासायचं. असतं तर या साधनाला ते दिसलं असतं का? तपासण्याचा एक सोपा उपाय सांगतो. त्याच जातीची एखादी गोष्ट घ्या, जी आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. एआरएमच्या भागातला एखादा वापर, मॅक्रोने बनलेलं एखादं नाव. ती त्याच साधनाने शोधून बघा. ती सापडली, तर निदान त्या कोपऱ्यात उजेड आहे. ती सापडली नाही, तर तुम्ही अंधारात उभे आहात. मग दुसरं साधन घ्या. अशा वेळी जुनं, अडाणी ग्रेप कामाला येतं. अटींच्या आतलाही मजकूर ते बघतं, कारण त्याला अटी कळतच नाहीत. जोडून बनलेल्या नावांसाठी पूर्ण नावाऐवजी त्याचा तुकडा शोधायचा. भरपूर कचरा येईल. तो हाताने निवडायचा.

तुम्ही काढलेल्या ओळीवर कोण अवलंबून होतं हे तुम्हाला ठाऊक नसतं, आणि तो माणूस समोर नसतो. म्हणून ‘मला सापडलं नाही’ आणि ‘नाही’ या दोन वाक्यांमधलं अंतर चालून जाण्याची जबाबदारी वाचणाऱ्याची आहे. एडिटर पहिलं वाक्य देतो, दुसरं आपल्याला मिळवावं लागतं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.