धड्याचे तुकडे आणि शाळेतली भांडणे

आपल्या नातवंडांना इथल्या शाळेत हमखास विचारतात, "तू इंडियन की ज्यू?" दोन्ही म्हटलं की पोरं हसतात. मग चिडवणं, ढकलाढकली, आणि दोघांनाही शिक्षा. भांडण थांबतं, राग मात्र तसाच राहतो.

टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९७१ साली गोरी, काळी आणि मेक्सिकन घरची मुले प्रथमच एका वर्गात आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. शाळाखात्याने विद्यापीठातले प्राध्यापक एलियट आरनसन यांना बोलावले. हे गृहस्थ आपलेच, ज्यू. लहानपणी हिब्रू शाळेतून परतताना त्यांनीही मार खाल्ला होता.

त्यांनी आधी वर्गात बसून नुसते पाहिले. (हे मला फार पटले. नर्सही आधी पेशंटकडे बघते, औषध नंतर.) बाई प्रश्न विचारीत, दहा हात वर होत, एकाला संधी मिळे, बाकीचे मनात म्हणत, याचं चुकू दे! ज्याला इंग्रजी येत नसे तो मान खाली घालून बसे. माझगावच्या आपल्या सर एली कदुरी शाळेत निरनिराळ्या धर्मांची मुले शिकली, पण तिथे भाषा तरी एक होती.

मग त्यांनी 'जिगसॉ' पद्धत काढली. बरं का मुलांनो, पाच-सहा जणांचा मिश्र गट करायचा आणि धड्याचे तेवढेच तुकडे. प्रत्येकाने आपला तुकडा इतरांना शिकवायचा. परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर!

एका गटात जोसेफ पुलित्झर यांच्या चरित्राचा तुकडा एका मेक्सिकन घरच्या मुलाकडे आला. तो अडखळला, बाकीची हसली. कोणी रागावले नाही. एवढंच सांगितलं, की परीक्षा जवळ आहे आणि हा भाग फक्त यालाच ठाऊक आहे. मग ती त्याला नीट प्रश्न विचारू लागली. हा काही मठ्ठ नाही, हे त्यांना तेव्हा कळलं! थोड्याच आठवड्यांत अशा वर्गांतली अढी कमी झाली.

मारहाणीवर मात्र हे औषध नव्हे. ३ डिसेंबर २००९ रोजी साउथ फिलाडेल्फिया हायस्कूलमध्ये आशियाई मुलांना मारले, तेव्हा पन्नासेक मुलांनी आठवडाभर शाळेवर बहिष्कार घातला. तक्रार सरकारच्या न्यायखात्यापर्यंत गेली, आणि डिसेंबर २०१० मध्ये उपायांचा लेखी करार झाला.

म्हणून आजी-आजोबांनो, मूल काही सांगू लागलं तर "दुर्लक्ष कर" म्हणू नका. वॉर्डात आम्ही चार्ट लिहायचो, तसं तारीख, वेळ, कोण हजर होतं ते वहीत टिपा आणि प्रिन्सिपलना लेखी द्या. इंग्रजी जमत नसेल तर नातवालाच लिहायला बसवा.