सहा आकडे, तीन ठिपके

शिरूर तालुक्यातल्या निमोण्यासारख्या गावात दुकान सहसा एकाच मालाचं नसतं. किराणा तर असतोच, त्याच छपराखाली वह्या-पेनं, बांगड्या-टिकल्या, नळाच्या तोट्या, बॅटरीचे सेल आणि दिवाळीच्या तोंडावर भरलेले लहान मुलांचे कपडेही असतात. यातली बिस्किटं, साबण, चहा, तेलाच्या पिशव्या कंपनीतूनच बारकोड घेऊन येतात. दुकानदाराने स्कॅनर घेतला आणि बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या मालाची एकदा नोंद केली, की त्यांचं काम झालं. अडतं ते बाकीच्या मालापाशी. पोत्यातून काढून अर्ध्या किलोच्या पाकिटांत भरलेले शेंगदाणे, डझनावारी आलेल्या बांगड्या, कुठलाही छाप नसलेली तोटी. लेबल छापायची वेळ येते ती या मालासाठी.

ते कसं निवडावं, याबद्दल दुकानदाराला फार थोडं सांगितलं जातं. प्रिंटर विकणारा प्रिंटर विकतो, रोलवाला रोल विकतो, सॉफ्टवेअरवाला एक नमुना बसवून देतो. हे तिन्ही एकमेकांशी जुळतात का, ते कुणी पाहत नाही. मग गर्दीच्या वेळी गल्ल्यावर स्कॅनर तेच पाकीट चार वेळा फिरवूनही गप्प राहतो. दोष मात्र स्कॅनरला दिला जातो.

बारकोडच्या रेघांत किंमत लिहिलेली असते, असा समज अजूनही बराच आहे. नेहमीच्या कोडात किंमत नसते, मालाचं नावही नसतं. असतो तो फक्त एक नंबर. नाव, भाव, जीएसटीचा दर हे सगळं दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये. जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोघा अमेरिकनांनी १९४९ साली पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हापासूनची ही कल्पना. वुडलँडने मोर्स कोडच्या ठिपके-रेघा समुद्राच्या वाळूत बोटांनी खाली ओढून पाहिल्या आणि त्यातून त्याला जाड-बारीक पट्ट्या सुचल्या. दुकानात ती उतरायला पंचवीस वर्षं लागली. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावी मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगगमचं पाकीट पहिल्यांदा स्कॅन झालं.

आपल्याकडे कंपनीच्या मालावर तेरा आकड्यांचा नंबर असतो आणि तो बहुधा ८९० ने सुरू होतो. ८९० म्हणजे माल भारतात बनला, हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर चुकीचा आहे. कंपनीने नंबर जीएस१ इंडिया या नंबर देणाऱ्या संस्थेकडून घेतला, एवढाच त्याचा अर्थ. तो पैसे भरून घ्यावा लागतो, आणि माल फक्त आपल्याच दुकानात विकायचा असेल तर त्याची काहीही गरज नाही. आपल्या दुकानापुरता नंबर आपण स्वतः देऊ शकतो, एका नंबरावर दोन वस्तू आल्या नाहीत म्हणजे झालं.

इथेच मला आग्रहाने एक सांगायचं आहे: हा घरचा नंबर छोटा ठेवा. तेरा आकड्यांच्या मागे लागू नका. कारण प्रिंटरच्या पोटात आहे.

लहान दुकानात घेतले जाणारे बहुतेक लेबल प्रिंटर २०३ डीपीआयचे असतात. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये आठ ठिपके, एक ठिपका ०.१२५ मिमीचा. अर्धा ठिपका छापता येत नाही. त्यामुळे बारकोडची सर्वांत बारीक रेघ दोन ठिपक्यांची, म्हणजे ०.२५ मिमी होईल, नाहीतर तीन ठिपक्यांची, म्हणजे ०.३७५ मिमी. तेरा आकड्यांच्या कोडाला दोन्ही बाजूंची कोरी जागा धरून अशा ११३ बारीक रेघांची रुंदी लागते. तीन ठिपक्यांनी ती ४२ मिमीच्या वर जाते. सर्रास मिळणारं लेबल ३८ बाय २५ मिमीचं. तिथे हा कोड बसत नाही, म्हणून सॉफ्टवेअर दोन ठिपक्यांवर उतरतं. दुकानातल्या स्कॅनरसाठी मानकात ठरवलेली किमान जाडी ०.२६४ मिमी आहे, दोन ठिपके तिच्याही खाली. रिबनची शाई जरा पसरली, कागद जरा सुरकुतला, की दोन रेघा एकमेकींना चिकटतात.

याच लेबलवर ‘कोड १२८’ प्रकारात सहा आकडे घेऊन पाहा. या प्रकारात दोन-दोन आकड्यांची जोडी एका चिन्हात बसते. कोरी जागा धरून ८८ बारीक रेघांची रुंदी पुरते. तीन ठिपक्यांनी बरोबर ३३ मिमी. ३८ च्या लेबलवर आरामात बसतं, रेघा ठसठशीत येतात आणि साधा स्कॅनरही लांबून वाचतो. नंबर १००००१ पासून सुरू करावा. सुरुवातीला शून्य ठेवलं तर एक्सेलची शीट ते गिळून टाकते.

आणखी एक पथ्य. बारकोडचं चित्र माउसने ओढून लेबलात बसवायचं नाही. तेरा आकड्यांचा कोड ओढून ३० मिमी केला, तर बारीक रेघ २.१२ ठिपक्यांची होते. प्रिंटर मग काही रेघा दोन ठिपक्यांच्या छापतो, काही तीनच्या. डोळ्यांना फरक दिसत नाही, स्कॅनरला दिसतो. रेघेची जाडी सॉफ्टवेअरमध्ये ठिपक्यांतच ठरवावी.

कागदाचं गणित त्यामानाने सोपं. रिबनशिवाय नुसत्या उष्णतेने काळं पडणारं थर्मल लेबल स्वस्त आणि सुटसुटीत, पण दारातल्या उन्हाने, तेलाच्या हाताने ते फिकं पडतं. शेंगदाण्याच्या पाकिटाला आणि महिनोन् महिने राहणाऱ्या मालाला क्रोमो कागद आणि वॅक्स रिबन बरी. हार्डवेअरला पॉलिएस्टरचं लेबल आणि रेझिन रिबन. वॅक्सची छपाई घासून जाते. रंगाच्या मोहात पडू नये. स्कॅनरचा उजेड सहसा लाल असतो, लाल रेघा त्याला पांढऱ्याच दिसतात.

रोल बदलला की लेबलांमधली फट ओळखायला प्रिंटरला पुन्हा शिकवावं लागतं, म्हणजे कॅलिब्रेट करावं लागतं. नाहीतर अर्धा कोड या लेबलवर, अर्धा पुढच्यावर. छपाईत एकाच जागी सलग उभी पांढरी रेघ दिसू लागली तर आधी प्रिंटर बंद करून, गार होऊ देऊन, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं. गावच्या रस्त्याची धूळ तिथे बसते. पुसूनही रेघ राहिली तर हेडचा ठिपका जळाला असं समजावं.

आता पाकिटांकडे. गिऱ्हाइकासमोर तोलून दिलेली डाळ सुटी असते. तीच आधी पाकिटात भरून ठेवली, की २०११ च्या वेष्टित वस्तू नियमांत येते: भरणाऱ्याचं नाव-पत्ता, मालाचं नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क. खाद्यपदार्थ असल्याने एफएसएसएआयचा नंबरही. इतकं सगळं ३८ बाय २५ वर वाचता येईल असं बसत नाही. म्हणून पाकिटांना ५० किंवा १०० मिमीचा रोल वेगळा ठेवावा आणि लहान रोल बांगड्या-तोट्यांना. कंपनीच्या छापील एमआरपीवर आपलं लेबल चिकटवून भाव वाढवणं मात्र बेकायदा आहे. भाव कमी केल्याचं लेबल चालतं, तेही मूळ एमआरपी न झाकता. बारकोडचं लेबल लावतानाही तेवढी जागा मोकळी सोडावी.

बचत गटाचा मसाला किंवा पापड गावाबाहेर पुण्याच्या मोठ्या दुकानात ठेवायचा झाला, तर घरचा सहा आकडी नंबर तिथे चालत नाही. दुसऱ्या दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये तोच नंबर भलत्याच वस्तूचा असू शकतो. तेव्हा जीएस१ इंडियाचाच नंबर घ्यावा, जुना कुणाचा तरी उरलेला विकत घेऊ नये. तेरा आकडे आले, म्हणजे लेबल किमान ५० मिमी रुंद हवं. तीन ठिपक्यांच्या रेघांनी कोड ४२.४ मिमी होतो आणि दोन्ही कडांना जवळजवळ चार-चार मिलिमीटर शिल्लक राहतात.