काच नसलेली नळी

चाकूर तालुक्यातलं वडवळ नागनाथचं ‘बेट’ नावाचा माळ औषधी वनस्पतींसाठी ओळखला जातो. पावसाळ्यात अशा माळावर कॅमेरा घेऊन गेलात की एक अडचण हमखास येते. फूल तांदळाच्या दाण्याएवढं, आणि जवळ गेलं की लेन्स फोकसच धरत नाही.

यावर महागडी मॅक्रो लेन्स हाच एक उपाय नाही. एक्स्टेन्शन ट्यूब पाहा. ही निव्वळ पोकळ नळी, आत काचेचा तुकडासुद्धा नाही! ती कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसते. लेन्स सेन्सरपासून लांब गेली की ती जवळच्या वस्तूवर फोकस धरते. प्रतिमा किती मोठी होईल याचा हिशेबही सोपा: नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ. ५० मिलिमीटरच्या लेन्सला ५० मिलिमीटर नळी जोडली, की सेन्सरवरची प्रतिमा फुलाच्या खऱ्या आकाराएवढी.

याची किंमत उजेडात मोजावी लागते. सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो. शिवाय एफ-८ ठेवलं तरी जेमतेम १ मिलिमीटर खोलीच स्पष्ट दिसते. पुंकेसर टिपला तर पाकळी धूसर. माळावरचा वारा तर क्षणभर थांबत नाही.

म्हणून मला फ्लॅश आणि त्यापुढे लावलेला ट्रेसिंग पेपर नळीइतकेच मोलाचे वाटतात. फ्लॅशची निमिषभराची लकाकी हलतं फूल गोठवते, कागद तो प्रकाश पसरवतो. मग पाकळीवरचा दवाचा थेंब पांढरा डाग न होता थेंबच दिसतो, आत उलटं आभाळ घेऊन.