बंद झालेल्या मॉडेलचा मालक आणि दिल्लीची हवा

सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२५ रोजी जुन्या गाड्यांना संरक्षण देणारा आपलाच ऑगस्टमधला आदेश आवळला आणि दिल्लीतल्या जुन्या गाड्यांच्या मालकांचे दोन गट पडले. भारत स्टेज-४ किंवा त्यापुढच्या उत्सर्जन मानकाची गाडी असेल तर केवळ वय झालं म्हणून सक्तीची कारवाई नाही. त्याआधीच्या गाड्यांना हे संरक्षण नाही. दिल्ली परिसरात स्टेज-४ लागू झालं १ एप्रिल २०१० रोजी. म्हणजे एकाच सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन इनोव्हांपैकी मार्च २०१० मधली भंगाराच्या वाटेवर आणि मे २०१० मधली तूर्त सुरक्षित, असं होऊ शकतं. पालमपलीकडे वसलेल्या द्वारकेत हा प्रश्न जरा अधिकच टोचतो. सहकारी सोसायट्यांचं हे उपनगर निवृत्त अधिकारी, लष्करी कुटुंबं आणि विमानतळावर नोकरी करणारी माणसं यांनी भरलेलं आहे. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत एका गाडीत बसणारं घर इथे नवलाचं नाही, आणि मागच्या दशकात अशा घराने घेतलेली गाडी बहुतेक वेळा डिझेलवर चालणारी, तीन रांगांची आणि आता शोरूममधून नाहीशी झालेली असते.

या गाड्यांची हजेरी घेऊन पाहा. टोयोटाची क्वालिस २००५ मध्ये थांबली आणि तिच्या जागी आलेली पहिली इनोव्हा २०१६ मध्ये. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातली विक्रीच गुंडाळली, तिच्यासोबत टवेरा गेली. तळेगावचा कारखाना निर्यातीवर आणखी तीन वर्षं चालला आणि पुढे ह्युंदाईच्या ताब्यात गेला. नाशिकची झायलो आणि पुण्याची जुनी सफारी २०१९ मध्ये बंद झाल्या. टाटांची हेक्सा आणि रेनॉची लॉजी २०२० मध्ये स्टेज-६ च्या उंबरठ्यावर थबकल्या. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली आणि एन्डेव्हरही थांबली. कारणं लपलेली नाहीत. ऑक्टोबर २०१९ पासून चालू मॉडेलांनाही अपघात-चाचणीचे नवे निकष लागले आणि एप्रिल २०२० पासून धुराचे. ज्या मॉडेलचा खप महिन्याला काही शेकड्यांवर आला होता, त्याच्या इंजिनावर आणि सांगाड्यावर नवा खर्च करणं कोणत्याही कंपनीच्या हिशेबात बसलं नाही. त्याबद्दल कंपन्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मॉडेल बंद करण्याचा हक्क त्यांचा आहे. प्रश्न आहे तो बंद केल्यानंतरच्या जबाबदारीचा, आणि दिल्लीच्या हवेच्या चर्चेत नेमकी हीच बाजू कोणी मांडत नाही.

मालकाच्या बाजूने पाहिलं तर त्याच्या गाडीला दोन मुदती लागलेल्या आहेत. एक कंपनीने लावलेली, दुसरी कॅलेंडरने. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ नुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं वैध असते आणि पुढे तिचं नूतनीकरण होऊ शकतं. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये दिल्ली परिसरासाठी डिझेलची मुदत दहा वर्षांवर आणली आणि २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. २०१२ मध्ये घेतलेल्या गाडीच्या आरसीवर २०२७ ची तारीख आहे, पण दिल्लीत ती २०२२ मध्येच संपली. दिल्लीत डिझेल गाडीवर पेट्रोलपेक्षा सव्वापट रस्ता कर एकरकमी वसूल होतो. त्यातली पाच वर्षं मालकाला मिळालीच नाहीत. मग जुलै २०२५ मध्ये पेट्रोल पंपांवर कॅमेरे लावून अशा गाड्यांचं इंधन तोडण्याचा प्रयोग झाला. तो आठवडाभरात पुढे ढकलावा लागला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने संरक्षण दिलं, डिसेंबरमध्ये अर्धं काढून घेतलं. उरलेलं संरक्षणही नीट समजून घ्यायला हवं. ‘सक्तीची कारवाई करू नका’ याचा अर्थ ‘नोंदणी वैध झाली’ असा होत नाही. वैध नोंदणी नसलेल्या गाडीचा विमादावा फेटाळता येतो, हे याच न्यायालयाने वेगळ्या खटल्यांत स्पष्ट केलेलं आहे. शिवाय हिवाळ्यात हवा बिघडल्यावर लागू होणाऱ्या निर्बंधांचा, म्हणजे ग्रॅपचा, तिसरा टप्पा लागला की स्टेज-४ ची डिझेल गाडीही दिल्लीत आणि शेजारच्या गुरुग्राममध्ये बाहेर काढता येत नाही. अशा अर्धवट अवस्थेत गाडीच्या देखभालीवर पैसे घालायला कोण धजावेल?

आणि धूर ठरतो तो देखभालीवर. डिझेल इंजिनात इंधन सिलिंडरमध्ये पोहोचतं ते इंजेक्टरच्या केसाएवढ्या बारीक छिद्रांतून, प्रचंड दाबाखाली. आतली सुई वर्षानुवर्षांच्या वापराने झिजली की फवाऱ्याऐवजी थेंब पडतात. थेंब पूर्ण जळत नाहीत आणि त्यांची काजळी होते. धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह याच काजळीने अडकतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं वाढतात. टर्बोचा सील गेला तर इंजिन ऑइल जळून निळसर धूर येतो. हे तिन्ही दोष दुरुस्त होण्याजोगे आहेत आणि तिन्ही दहा वर्षांच्या आत होऊ शकतात. सहा वर्षांची, दोन लाख किलोमीटर पळालेली, इंजेक्टरला हातही न लावलेली टॅक्सी आज कायद्याच्या दृष्टीने निर्दोष आहे. तेरा वर्षांची, साठ हजार किलोमीटर चाललेली आणि नवे इंजेक्टर बसवलेली घरची गाडी संशयित. हा निकष हवेचं रक्षण करत नाही. पण त्याच वेळी हेही खरं, की त्या तेरा वर्षांच्या गाडीला नवे इंजेक्टर मिळालेच नाहीत तर तिची बाजू कोसळते. म्हणूनच सुट्या भागांचा प्रश्न हा मालकाच्या सोयीचा प्रश्न राहत नाही. तो थेट प्रदूषणाचा प्रश्न होतो.

या बाबतीत आपल्याकडे एक भक्कम दस्तऐवज अकरा वर्षांहून अधिक काळ पडून आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. टाटा, महिंद्र, टोयोटा, फोर्ड, जनरल मोटर्स अशी मोठ्या गाड्या बनवणारी प्रमुख नावं त्यात होती. आयोगाचं म्हणणं सरळ होतं: कंपन्या अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, दोष शोधणारी उपकरणं आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला देत नाहीत, आणि त्यामुळे गाडी घेतल्यानंतर ग्राहक त्यांच्या मुठीत राहतो. अपिलात काही कंपन्यांचा दंड मोठ्या प्रमाणात कमी झाला, पण गैरवर्तनाचा निष्कर्ष टिकला. हा निर्णय ग्राहकहक्काचा म्हणून वाचला गेला. पर्यावरणाच्या नजरेने तो कोणी वाचला नाही. चालू मॉडेलच्या मालकाला निदान कंपनीचं वर्कशॉप तरी असतं. बंद मॉडेलच्या मालकाला हळूहळू तेही दुरावतं. इंजेक्टर, टर्बो, ब्रेक असे भाग बॉश किंवा डेन्सोसारख्या पुरवठादारांकडून काही वर्षं येत राहतात, कारण तेच भाग दुसऱ्या गाड्यांतही असतात. अडतं ते त्या एकाच मॉडेलसाठी बनलेल्या भागांपाशी: सेन्सरची वायरिंग, इंजिनचा संगणक, मागच्या रांगेच्या एसीचा ब्लोअर, हेडलाइटचा संच. मग मालक काश्मिरी गेटच्या बाजारात नकली भाग शोधतो किंवा मायापुरीत भंगारात निघालेल्या गाडीचा भाग काढून आणतो. नकली सेन्सर बसवलेलं इंजिन चालतं, पण किती धूर ओकतं याचा हिशेब कोणी ठेवत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळ सुरू केलं आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. हेतू चांगला आहे, पण ते कंपनीच्या स्वेच्छेवर चालतं. बंद मॉडेलचे भाग अमुक वर्षं पुरवलेच पाहिजेत, असं बंधन त्यातून येत नाही.

यावर पहिला आक्षेप हवेचाच येईल, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. दिल्लीची मुलं नोव्हेंबरात काय श्वासात घेतात हे माहीत असताना जुन्या डिझेल गाड्यांची बाजू घ्यायची? स्टेज-४ च्या डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम सूक्ष्म कणांची मुभा होती. स्टेज-६ मध्ये ती साडेचार मिलिग्रॅमवर आली. एवढंच नव्हे, तर सहाहून अधिक आसनांच्या किंवा अडीच टनांपेक्षा जड गाड्यांना स्टेज-४ मध्ये त्याहूनही सैल मर्यादा होती. म्हणजे घरच्यांसाठी घेतलेली मोठी गाडी ही नियमानेच छोट्या मोटारीपेक्षा जास्त धूर सोडू शकत होती. टवेराच्या बाबतीत तर जनरल मोटर्सला २०१३ मध्ये १ लाख १४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण उत्सर्जनाच्या तपासणीत कंपनीच्याच लोकांनी गैरप्रकार केल्याचं उघड झालं होतं. हे सगळं मान्य करूनच बोलायला हवं, आणि स्टेज-३ च्या डिझेल गाड्या दिल्लीतून जाव्यात याला माझा विरोध नाही. पण आयआयटी कानपूरच्या २०१६ च्या अहवालात वाहनांतून येणाऱ्या पीएम २.५ चा वाटा असा मांडला होता: ट्रक ४६ टक्के, दुचाकी ३३ टक्के, चारचाकी सुमारे १० टक्के. आकडे दहा वर्षं जुने आहेत, पण दिशा सांगायला पुरेसे आहेत. त्या दहा टक्क्यांतल्याही कोणत्या गाड्या घाण करतात हे तारखेवरून ओळखता येत नाही. त्यासाठी नळकांड्यात नळी घालावी लागते.

ती नळी आज कशी घातली जाते? पीयूसी केंद्रावर डिझेल गाडी उभी करून ॲक्सिलरेटर दाबायचा आणि धूर किती गडद आहे ते मोजायचं. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मोजणी नाही, गाडीवर भार नाही, सूक्ष्म कणांचं वजन नाही. आणि हेसुद्धा धड होत नाही. कॅगने दिल्लीच्या वाहन प्रदूषणावरच्या अहवालात दाखवून दिलं की २०१५ ते २०२० दरम्यान तपासलेल्या २२ लाखांवर डिझेल वाहनांपैकी २४ टक्क्यांच्या नोंदीत चाचणीचे आकडेच नव्हते, आणि मर्यादा ओलांडणाऱ्या लाखाहून अधिक पेट्रोल-सीएनजी वाहनांनाही प्रमाणपत्र मिळालं होतं. अशी तपासणी असेल तर न्यायालयाला तारखेची कुऱ्हाड सोपी वाटणं स्वाभाविक आहे. वयाचा निकष लवादाने आणला आणि न्यायालयाने तो मान्य केला, पण उपाय तपासणी सुधारण्याचा आहे. द्वारकेपासून जवळ, नजफगडपलीकडे झुलझुलीला व्यावसायिक वाहनांची यंत्राने तपासणी करणारं केंद्र आहे. तशी सोय खासगी गाड्यांसाठी उभारा, दहा वर्षांवरच्या डिझेल गाडीला दरवर्षी तिथे जायला लावा, शुल्क हवं तर चौपट घ्या आणि नापास झालेली गाडी त्याच दिवशी रस्त्यावरून काढा. प्रामाणिक मालकाची याला तक्रार असणार नाही.

दुसरा आक्षेप असा की मोठ्या डिझेल गाडीचा मालक काही गरीब नाही, त्याने नवी घ्यावी किंवा मेट्रोने जावं. द्वारकेत मेट्रो २००५ च्या अखेरीस पोहोचली आणि रोजच्या कामाला तीच योग्य आहे. पण व्हीलचेअरवरची आजी, डायलिसिसला जाणारे वडील आणि शाळेची मुलं यांच्यासाठी घेतलेल्या गाडीची तुलना मेट्रोशी करता येत नाही. नव्या तीन रांगांच्या एसयूव्हींत तिसऱ्या रांगेत प्रौढ माणूस गुडघे छातीशी घेऊन बसतो, म्हणून अनेक घरं एका मोठ्या गाडीऐवजी दोन लहान गाड्या घेतात. सोसायटीत जागा एकीचीच असते. दुसरी रस्त्यावर उभी राहते. तिसरा आक्षेप कंपन्यांचा: अनंत काळ भाग बनवणार कसे? अनंत काळ कोणी म्हणत नाही. शेवटची गाडी विकल्यापासून १५ वर्षं, म्हणजे कायद्याने जेवढी नोंदणी दिली तेवढी. ज्या भागाचं उत्पादन परवडत नाही त्याची रेखाटनं आणि सॉफ्टवेअर वाजवी मोबदल्यात दुसऱ्या उत्पादकाला द्यावं. देश सोडून जाणाऱ्या कंपनीकडून तर कारखाना विकण्याच्या वेळीच ही हमी घेता आली असती.

तारखेच्या नियमाचा एक परिणाम महाराष्ट्रातल्या वाचकाने ध्यानात घ्यायला हवा. दिल्लीत मुदत संपत आलेली गाडी ना-हरकत दाखला घेऊन बाहेरच्या राज्यात जाते. आपल्याकडे ‘दिल्ली पासिंग’ म्हणून स्वस्तात मिळणारी मोठी गाडी बहुधा तीच असते. ती इथे पंधरा वर्षं झाल्यावरही पर्यावरण कर भरून चालते. दिल्लीत तिच्यावर शेवटची दोन-तीन वर्षं कोणी खर्च केलेला नसतो, कारण विकायचीच होती. म्हणजे दिल्लीने धूर कमी केला नाही, तो लातूर-जालन्याकडे रवाना केला, तोही बिघडलेल्या इंजेक्टरसकट.

न्यायालयात पुढची तारीख पडेल तेव्हा द्वारकेतल्या रहिवासी संघटनांनी आणखी पाच वर्षांची सवलत मागू नये. स्टेज-४ च्या दहा वर्षांवरच्या प्रत्येक डिझेल गाडीची वर्षातून एकदा यंत्रावर तपासणी आणि बंद मॉडेलच्या इंजिनाचे भाग पंधरा वर्षं पुरवण्याचं बंधन, या दोनच मागण्या त्यांनी लावून धराव्यात. तोवर ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी इंजेक्टरची तपासणी या हिवाळ्याआधी करून घ्यावी आणि तिची पावती जपून ठेवावी.