अम्मी-अब्बांचा खर्च आणि आयकर : काय सुटतं, काय नाही

जून महिन्यात फॉर्म 16 हातात आला की आमच्या स्टाफरूममध्ये एकच प्रश्न फिरतो : "अम्मी माझ्याकडेच राहतात. त्यांच्या नावाने टॅक्समध्ये काही सुटतं का?" अंधेरी असो की घाटकोपर, आपल्या कितीतरी घरांत एका पगारावर अम्मी, अब्बा, कधी बेवा बहीणही असते. म्हणून ही माहिती नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट. अमेरिकेतले नातेवाईक काहीही सांगोत, आपल्याकडे "मी यांना सांभाळतो" एवढ्यावर सूट मिळत नाही. सूट मिळते ती आजारपण, विमा आणि अपंगत्वाच्या खर्चावर.

कलम 80डी : आई-वडिलांच्या आरोग्य विम्याचा हप्ता आपण भरला तर 25,000 रुपयांपर्यंत, आणि ते 60 वर्षांचे किंवा मोठे असतील तर 50,000 पर्यंत वजावट मिळते. ते आपल्यावर अवलंबून असलेच पाहिजेत असं नाही. ज्येष्ठांचा विमाच नसेल तर औषधं, डॉक्टर, तपासण्यांचा खर्च याच 50,000 मध्ये दाखवता येतो. पण तो रोखीने केलेला चालत नाही. मेडिकलवाल्याला यूपीआय किंवा कार्डाने पैसे द्या, बिल जपा. दोघे भाऊ मिळून खर्च करत असाल तर ज्याने जेवढे भरले तेवढेच त्याने दाखवावे. सासू-सासरे, भाऊ-बहीण, खाला, फुफी यात येत नाहीत.

कलम 80डीडी : पती-पत्नी, मुलं, आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कुणी अपंग असून मुख्यतः आपल्यावर अवलंबून असेल, तर 40 टक्के अपंगत्वाला 75,000 आणि 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000 रुपये. प्रत्यक्ष खर्च कमी झाला तरी रक्कम ठरलेलीच. त्यासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र हवं. त्या व्यक्तीने स्वतः कलम 80यू ची सूट घेतलेली नसावी.

कलम 80डीडीबी : कॅन्सर, किडनी निकामी होणे अशा ठरावीक आजारांच्या उपचारावर 40,000 पर्यंत, रुग्ण ज्येष्ठ असेल तर 1,00,000 पर्यंत. तज्ज्ञ डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन लागतं. विम्यातून मिळालेले पैसे वजा होतात.

म्हणजे बेवा पण धडधाकट बहिणीच्या घरखर्चावर सूट नाही. ते सवाबाचं काम, पण टॅक्सच्या हिशेबात येत नाही.

आता खरी मेख. या तिन्ही सवलती फक्त जुन्या करप्रणालीत आहेत, आणि आपण काही निवडलं नाही तर नवीच लागते. 2025-26 साठी नव्या प्रणालीत पगारदाराला 12,75,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर, दुसरं उत्पन्न नसेल तर, कर शून्य आहे. तुमचा पगार त्याच्या आत असेल तर बिलं गोळा करण्याची धावपळ कशाला? त्याहून जास्त असेल तर दोन्ही हिशेब मांडून बघा. पगारदाराला दरवर्षी निवड बदलता येते, फक्त रिटर्न मुदतीत भरायला हवं.

एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आला, तरी 2025-26 चं रिटर्न 1961 च्या कायद्यानेच भरायचं आहे.

शेवटचं. "रिफंड काढून देतो" म्हणत एजंट खोटं अपंगत्व, खोटी बिलं टाकतात. पकडलं गेलं की एजंट नाही, तुम्ही उत्तर देता. चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड बसू शकतो, वर व्याज. रिटर्न सबमिट करण्याआधी त्यात काय लिहिलंय ते स्वतः वाचा. अम्मीच्या नावावर खोटं नको.